आजीचं मशीन भंगारात देऊ नकोस

शनिवार पेठ, पुणे ३०

चि. छोटी,

फोनवर सांगितलेलं तुझ्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आजीचं मशीन जाम झालंय, ‘गेलंच ते’, असं म्हणालीस. वरचं डोकं भंगारात आणि खालचा लोखंडी सांगाडा वॉश बेसिनला, असा तुमच्या इंटिरिअरवाल्याचा बेत आहे. त्याला आधी थांबव. नाशिकला आल्यापासून ते नुसतं कोपऱ्यात उभं आहे, त्याला जाम व्हायला दुसरं कारण लागत नाही. जाम होणं वेगळं आणि मोडणं वेगळं. त्यात वीज नाही, प्लास्टिक नाही. दांडे, कॅम, एक चाक, एक शटल, एवढाच संसार. ‘गेलेली’ म्हणून टाकलेली बहुतेक मशीनं चुकीच्या तेलाने आणि साचलेल्या भुश्याने अडलेली असतात.

मशीनच्या पाटावर उजव्या हाताला खोदलेला आकडा बघ. ‘वाय’ अक्षराने सुरू होतो. ते अक्षर सिंगर कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं, १९२० च्या दशकातलं किंवा फार तर १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. म्हणजे तुझ्या आजीच्या लग्नाआधीचं ते, तिने जुनंच घेतलेलं. नवीन मशीन सिंगर हप्त्यावर विकायची. अमेरिकेत १८५० च्या दशकातच त्यांनी ही पद्धत काढली होती. आपल्याकडे त्यांचे एजंट होते नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ. त्यांची पंचाईत लक्षात घे: बायका लुगडं नेसणाऱ्या, पुरुष धोतर नेसणारे, आणि यांना विकायचंय शिवणाचं मशीन! पण चोळीची पोलकी झाली, पोलक्यांचे झंपर झाले, मुली शाळेत जायला लागल्या, त्यांना परकर आणि फ्रॉक लागायला लागले, आणि मशीन घरात आलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं. तिथे आजी शिवण शिकली आणि पुढे अर्ध्या गल्लीतल्या मुलींचे गणवेश तिने शिवले. आमच्या दोघींच्या फिया त्या पायडलवर भरल्या गेल्या, हे तुला आईने सांगितलं असेल.

पानशेतचं मात्र सांगितलं नसेल, ती तेव्हा पाळण्यात होती. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी धरण फुटल्याची बातमी आली, नंतर खडकवासलाही गेलं. ओंकारेश्वराकडून पाणी वर चढत मेहुणपुऱ्यात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, मशीन खाली ओसरीवर. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टेबलाच्या लाकडाचा वरचा पापुद्रा उचकटलेला, खण फुगून अडकलेले आणि डोक्यात सगळीकडे बारीक गाळ. आजीने काय केलं, तर सुई, बॉबिन केस, दात्यांवरची पट्टी, जे जे स्क्रूने निघतं ते सगळं काढून रॉकेलने धुतलं. गाळ सुकू दिला नाही, ही तिची हुशारी. तो सुकून सांध्यात बसला असता तर पॉलिश पेपरसारखा लोखंड खात राहिला असता. टेबल पुढे बदललं, डोकं तेच.

आता तुझ्या जाम झालेल्या मशीनकडे. पट्टा काढ आणि चाक हाताने, आपल्याकडे, हळूच फिरवून बघ. थोडं फिरून दर वेळी एकाच जागी टणकन अडलं, तर शटलच्या मागे दोऱ्याचा तुकडा किंवा मोडलेल्या सुईचं टोक बसलंय. शटलवरची कडी दोन स्क्रू सैल करून निघते, चिमट्याने काढ. सगळ्या फेरीत सारखंच जड लागलं, तर दोष तेलाचा.

तेलाबद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे. आपल्या घरांत मशीनला हाताशी असेल ते तेल घालतात. खोबरेल घातलं की डिसेंबरच्या सकाळी ते थिजतं, मशीन हलत नाही, दुपारी ऊन आल्यावर चालतं, आणि लोक म्हणतात, मशीन लहरी आहे. करडईचं त्याहून वाईट. ते वाळून वार्निश होतं. तुझी आई करडईचंच तेल वापरायची स्वयंपाकाला, त्यामुळे मला संशय आहे. उपाय एकच: प्रत्येक छिद्रात आणि प्रत्येक सांध्यात रॉकेलचे थेंब सोड आणि रात्रभर ठेव. सकाळी हेअर ड्रायर लावायचा असेल तर आधी रॉकेल पूर्ण पुसून घे, उरलेलं उडून जाऊ दे, मग अडलेल्या सांध्यावर गरम हवा सोड. वाळलेलं तेल उष्णतेने नरमतं. जोर लावू नकोस. एकदा हललं की मागेपुढे करत राहा. आणि मोकळं झालं म्हणून तिथेच थांबू नकोस. रॉकेल धुतं, वंगण देत नाही. पुसून मशीनचं पातळ पांढरं तेल घाल आणि दोरा न ओवता जुन्या पंचावर चालव, काळं तेल येणं थांबेपर्यंत.

सोनेरी वेलबुट्टीला स्पिरिट, सॅनिटायझर, ब्रासो काहीही लावायचं नाही. तिच्यावर लाखेचा थर आहे, स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि सोनं फडक्यावर येतं. गंमत म्हणजे जगातली बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातूनच जात होती. कापसाला मशीनचं तेल लावून हलक्या हाताने पूस, पुरे.

चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू काढलास तर आतली वॉशर नीट बघून ठेव. बाहेर तीन कान, आत दोन. आतले कान बाहेर, तुझ्या बाजूला वळलेले हवेत. परत बसवल्यावर चाक फिरलं तरी सुई हलली नाही किंवा स्क्रू पुरता आवळला जाईना, तर वॉशर अर्धा फेरा फिरवून बसव. एवढ्यावरून लोक मशीन दुरुस्तीला पाठवतात.

मग टीप. टिपा सुटतात म्हणालीस, ते पूर्वीचं दुखणं असेल तर सुई तपास. दुकानात गोल दांड्याची सुई मिळते, ती कारखान्याच्या मशीनची. आपल्याला एका बाजूने चपटी हवी. या मशीनला चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला ठेव, म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतो. पाय खाली ठेवून ओवलं की तो चकत्यांवरून नुसता तरंगतो.

तू विचारशील, शंभरेक वर्षांच्या मशीनचे भाग मिळणार कुठे? इथेच लोक चुकतात. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ काढली, ती याच सिंगरच्या पंधरा नंबरच्या घडणीवर. नंतर लुधियानाच्या कारखान्यांनीही तीच घडण उचलली. त्यामुळे क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद झाला तरी त्याचं बॉबिन आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तुझ्या पाच वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं भांडं मिळेना म्हणून तू नवा मिक्सर घेतलास, ते आठव. लोखंड दणकट होतं हे खरंच, पण मशीन टिकलं ते इतरांनी घडण बदलली नाही म्हणून. हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला टांगलेली मशीनं बघितली की मला वैताग येतो. त्यांतली निम्मी तरी एका सुट्टीत चालू होतील.

पट्टा चामड्याचाच घे. पावसाळ्यात सैल पडला की थोडा कापून पिन परत मारायची, एवढंच. टेबलाचं काही असेल तर सुतार बघेल, घाई नाही.

तेव्हा इंटिरिअरवाल्याला आजच फोन कर आणि बेसिनसाठी दुसरं काही शोध म्हणावं.

तुझी,
मावशी

ता. क. बॉबिन केस गंजली असेल तर मला कळव. इथला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथून आणते. पण आधी तुझं एक बॉबिन मला पाठव. घालून बघितल्याशिवाय मी केस विकत घेणार नाही. सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६.