बाळाचे सामान आणि आजीचे मनगट

पूर्वी बाळाच्या सामानाची यादी कोणी करीत नसे. बाळंतविडा ठरलेला असे. कुंची, टोपडे, झबली, जुन्या नऊवारीची मऊ दुपटी, त्रिकोणी लंगोट आणि ऐपत असेल तर चांदीचा खुळखुळा. पाळणा घरातलाच, दोन-तीन पिढ्या वापरलेला, नाहीतर शेजारून मागून आणलेला. आज त्या जागी दुकानाचा अख्खा मजला भरेल इतके सामान आले आहे आणि ते कसे निवडावे हे सांगणाऱ्यांचीही उणीव नाही. मात्र या सल्ल्यांत एक माणूस सहसा कोठे दिसत नाही. आई कामावर गेल्यानंतर दिवसाचे आठ-नऊ तास ते सामान प्रत्यक्ष हाताळणारा, साठी ओलांडलेला माणूस.

माझी मुलगी नोकरी करते. प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा संपली की दिवसभर नात आमच्याकडे राहणार, हे आधीच ठरले होते. माझे वय ६८. दोन्ही गुडघे झिजलेले, बोटांची पेरे सकाळी आखडलेली. यजमान ७४ वर्षांचे. त्यांना कंपवात आहे, कानाला श्रवणयंत्र आहे. घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण वीज गेली की नाही. अशा घरासाठी ‘बाळाला उत्तम काय’ एवढा एकच प्रश्न पुरेसा नव्हता. हे उचलणार कोण, वाकणार कोण आणि त्याच्या हातांना काय जमते, हेही वस्तूगणिक विचारणे आम्हांला भाग पडले.

जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले बाळ पाच महिन्यांत साधारण दुप्पट आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट वजनाचे होते. आजीची ताकद त्या हिशेबाने वाढत नाही. म्हणून बाबागाडी घ्यायला गेलो तेव्हा मुलीने पाच किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळून बरोबर घेतली. दुकानातला मुलगा आधी हसला, मग त्यालाही त्यात रस वाटू लागला. त्याने दाखवलेली पहिली गाडी देखणी होती. जाड चाके, पेला ठेवायला कडे, झुलती छत्री. पायाने एक कळ दाबली की मिटते, असे त्याने करून दाखवले. मी दाबली तर कळ हलेना. शिवाय रिकामी गाडीच अकरा किलोंची. वीज गेलेल्या दिवशी ती आणि नात मिळून जिन्याने वर कशी न्यायची? आम्ही साधी, सहा किलोंची, एका हाताने मिटणारी गाडी घेतली. अशा हलक्या गाड्यांची पाठ पूर्ण आडवी होत नाही, त्यामुळे त्या लहान बाळाला चालत नाहीत. पण नात आमच्याकडे येणार होती ती सहा महिन्यांची झाल्यावर. खांदे, कंबर आणि दोन पायांच्या मधून येणारा पाच टोकांचा पट्टा आणि एकाच दाबात दोन्ही मागची चाके अडवणारा ब्रेक, एवढे मात्र आम्ही सोडले नाही.

मनगटाचे प्रकरण मला मुलीकडून कळले. बाळंतपणानंतर दोन महिन्यांतच तिच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. बाळाच्या काखा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरून वारंवार उचलले, की अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते. हे दुखणे नव्या आयांमध्ये नेहमीचे आहे आणि बाळ सांभाळणाऱ्या आज्याही त्यातून सुटत नाहीत. भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी तिला उचलण्याची रीत बदलायला लावली : तळवे वर, एक हात नितंबांखाली, दुसरा पाठ आणि मानेखाली, बाळ आधी छातीशी, मग आपण सरळ. मीही तेथे बसून ती शिकून घेतली. घरी तिचे शाळेतले अभ्यासाचे टेबल पडून होते, ते नेमके माझ्या कमरेच्या उंचीचे. त्यावर पातळ घट्ट गादी टाकली आणि लंगोट, कपडे बदलणे, तेल लावणे सगळे तेथे आणले. लागणारी प्रत्येक वस्तू उजव्या हाताच्या टप्प्यात, कारण डावा हात बाळावरून क्षणभरही काढायचा नाही. या टेबलासाठी एक पैसाही खर्च झाला नाही आणि सबंध वर्षात तेच सर्वांत उपयोगी पडले.

कपड्यांबाबत एवढेच सांगते की चिमुकल्या टिचबटणांपुढे माझी बोटे हरतात. पुढून उघडणारी, मोठ्या टिचबटणांची किंवा आखूड बंदांची झबली तुळशीबागेत भरपूर मिळतात आणि ती स्वस्तही असतात.

आंघोळीचा प्रश्न अधिक अवघड होता. आमच्याकडे न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून, नडगीवर बाळाला पालथे घेऊन न्हाऊ घालण्याची रीत. माझ्या आईने माझ्या मुलीला तशीच न्हाऊ घातली. माझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत आणि बसले तरी ओले बाळ घेऊन उठवत नाहीत. टब आणला, पण वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, हे टब उचलताना कळते. म्हणून टब न्हाणीतच, रुंद पायांच्या भक्कम लाकडी चौरंगावर कायम ठेवला. पाणी तळाला चार बोटे, तेही तांब्याने घालायचे आणि खालचे बूच काढून सोडायचे. चौरंगाशेजारी माझ्यासाठी पाठीची खुर्ची. पाण्याची ऊब कोपराने पाहण्याची जुनी सवय मात्र अजून उत्तम चालते. मदतीला येणाऱ्या मावशी सुटीवर असल्या की त्या दिवशी आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचे. नातीची त्याला कधी हरकत नव्हती.

झोपण्याच्या जागेविषयी घरात थोडा वाद झाला. माझ्या नणंदबाईंनी मोठ्या प्रेमाने मोहरीची उशी शिवून पाठवली होती. तिने डोके गोल होते, असे ऐकतच आम्ही मोठे झालो. बालरोगतज्ज्ञांनी सांगितले, पहिले वर्षभर बाळ पाठीवर, घट्ट गादीवर, मोकळ्या पलंगात झोपवायचे; उशी नाही, कडेच्या मऊ गाद्या नाहीत, खेळणी नाहीत. नाकातोंडावर येऊ शकेल असे काहीच तेथे नको. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून जागेपणी, आपल्या डोळ्यांदेखत, पालथे खेळू द्यायचे. उशी मी नातीच्या बाळंतविड्यासोबत जपून ठेवली आहे. नणंदबाईंना कारण नीट सांगितले आणि त्यांनी ते मानले. मच्छरदाणी मात्र पुण्यात सोडता येत नाही. ती ताणून, गादीखाली खोचून लावायची.

पलंग घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. कठड्याच्या गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, आणि एक बाजू खाली घसरणारी नसावी. असे पलंग वाकायला सोयीचे म्हणून आम्हां वयस्कांना मोह पाडतात. पण ती बाजू निखळून तयार झालेल्या फटीत बाळे अडकल्याने अमेरिकेत २०११पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. बाळ धरून उभे राहण्याच्या बेतात आले की गादी खालच्या खणात घ्यावी लागते, म्हणजे बाळ जड झाल्यावरच आपल्याला सर्वांत खोल वाकावे लागते. याला मला कोणतीही युक्ती सापडलेली नाही. ते काम मावशींकडे आहे.

नातीच्या उष्टावणाच्या सुमारास एका नातेवाइकांनी चाकांचा वॉकर भेट आणला. मी तो घेतला नाही, आणि तेवढा वाईटपणा पत्करणे योग्यच होते असे मला वाटते. वॉकरमध्ये बसलेले मूल एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते. माझे गुडघे मला खुर्चीतून उठवायलाच त्याहून जास्त वेळ घेतात. जिना, गरम चहाचा पेला, टेबलावरून लोंबणारी चादर, सगळे तेवढ्यात त्याच्या हाती लागते. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली. त्यात बसून मूल लवकर चालू लागते हाही समजच आहे. उलट उशीर होऊ शकतो. सावंतवाडीच्या चितार आळीत मिळतो तसा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही. स्वतःच्या पायांवर उभे राहून त्याला ढकलते आणि जितके पाय चालतात तितकेच पुढे जाते. भाच्याकडून तो मागवला आहे. तोही आम्ही शेजारी असतानाच द्यायचा.

दुधाविषयी. मुलगी कामावर जाताना काढलेले दूध ठेवून जाते, त्यासाठी तिने घेतलेले चांगले यंत्र हा खर्च सार्थकी लागला. साधारण २५ अंशांच्या खोलीत हे दूध चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत ठेवता येते. उन्हाळ्यात आम्ही ते थेट फ्रिजमध्येच ठेवतो. प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ जाड काळ्या अक्षरांत लिहायची, कारण वाचायचे आहे आम्हांला. पाजायला वाटी-चमचा. बाटलीच्या जाहिराती आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंद आहेत, तरी दुकानात ती सर्वांत पुढे मांडलेली दिसते. वाटी उकळणे सोपे आणि तिच्यात मळ साचायला कोपरा नाही.

आता जी गोष्ट कोणत्याच यादीत नव्हती ती सांगते. नात घरी आली तेव्हा यजमान हात पाठीमागे बांधून दुरून पाहत. आयुष्यभर त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. त्या हातांवर आता त्यांचाच विश्वास उरलेला नव्हता. “माझ्या हातून पडली तर?” एवढेच ते म्हणत आणि बाल्कनीत जाऊन बसत. मुलगी एकदा म्हणाली, “आई, बाबांसाठी खुर्ची बघूया.” रुंद हातांची, सरळ पाठीची, पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा उंचीची खुर्ची आणली. मांडीवर लांब घट्ट उशी, दोन्ही कोपरे तिच्यावर टेकलेले. त्यामुळे बाळाचा भार हातांवर न येता उशीवर येतो. आधी ते बसणार, मग मी किंवा मावशी नातीला त्यांच्याकडे देणार. वेळ औषध घेतल्यानंतरची, त्याचा अंमल चांगला असतो तेव्हाची. जवळ चहा नको, खोलीत दुसरे कोणीतरी हवे, आणि त्यांचा डोळा लागतो आहे असे दिसले की नातीला लगेच उचलायचे, कारण खुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे धोक्याचे असते.

पहिल्या दिवशी नातीने त्यांचा अंगठा पकडला आणि सोडला नाही. त्यांचा हात बराच वेळ शांत होता. या आजारातला कंप हात निवांत असताना अधिक असतो आणि हात कामात गुंतला की बहुधा कमी होतो, असे डॉक्टरांनी नंतर समजावले. आता दुपारी चारचा अर्धा तास त्यांचा असतो आणि औषधाची वेळ चुकवायची नाही हे त्यांना सांगावे लागत नाही.

नात रांगू लागल्यावर धोका आमच्याच वस्तूंचा आहे हे ध्यानात आले. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर ठेवण्याची आम्हां ज्येष्ठांची सवय. त्यातली एकच गोळीही लहान जिवाला फार होऊ शकते. त्याहून नकळत राहणारी वस्तू म्हणजे श्रवणयंत्राची बटणाएवढी बॅटरी. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही तेथे खोल भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे लागते. गोळ्या आणि बॅटऱ्या यांसाठी कुलपाचा छोटा डबा घेतला, आणि तो माझ्या खांद्याच्या उंचीवर ठेवला. स्टुलावर चढावे लागेल इतक्या उंचावर नाही.

पुढच्या महिन्यापासून दोन महिने नात विहीणबाईंकडे राहील. त्या परवा सामान पाहायला आल्या होत्या. त्या माझ्याहून चार बोटे ठेंगण्या. पण गुडघे उत्तम, अजून पाटावर बसून जेवतात. पलंगाचा कठडा त्यांच्या बरगड्यांना लागतो, तर टब त्यांना नकोच आहे. टेबलाशी उभ्या राहून त्यांनी तांदळाची पिशवी तीनदा उचलून पाहिली आणि म्हणाल्या, “हे मला उंच पडेल.” आम्ही टेप घेऊन त्यांच्या कमरेची उंची मोजली आणि कागदावर लिहून जावयांकडे दिली.