एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडं

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरचं नाव काढलं की आपल्यातल्या पुष्कळजणी "ते काम ह्यांचं, नाहीतर मुलांचं" म्हणून बाजूला होतात. मीही काही इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले, सकाळच्या शाळेत तीन तास शिकवते, बाकीचा दिवस तुमच्यासारखाच डबे, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. पण आमच्या महिला मंडळाच्या दिवाळी फराळापायी एक नवी विद्या हाती लागली, ती तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

मागण्या घेण्यासाठी मंडळानं एका गृहस्थांकडून पैसे देऊन इंटरनेटवर पान करून घेतलं होतं. दिसायला छान. चकली, चिवडा, गुळाचे अनारसे, सगळ्यांचे भाव लिहिलेले. मागण्याही येऊ लागल्या. आणि एके दिवशी गावातल्या कॉलेजातून दोघी बाईंचा रागाचा फोन आला, "किलोचे पैसे घेता आणि अर्धा किलो पाठवता?" पानावर तर "अर्धा किलो" स्वच्छ लिहिलेलं! पान करणाऱ्यांना विचारलं, तर त्यांचं एकच पालुपद, "माझ्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसतंय." अध्यक्षबाईंना रडूच यायचं बाकी राहिलं. मापात मारल्याचा बोल मंडळाला आजवर कुणी लावला नव्हता हो.

त्या बाई खोटं कशाला बोलतील? चौकशी केली तेव्हा कळलं, कॉलेजातले कॉम्प्युटर विंडोजवर नव्हे, लिनक्सवर चालतात. म्हणजे त्यांना दिसणारं पान मला घरी पाहायला हवं. पण घरात कॉम्प्युटर एकच. दुसरा घेण्याची ऐपत नाही. त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कचे वाटे करून शेजारी लिनक्स बसवता येतं, पण त्यात आमच्या ह्यांचे हिशेब आणि मुलांचे लहानपणापासूनचे फोटो. वाटे करताना हात चुकला तर? शिवाय एक बंद केल्याशिवाय दुसरं चालू होत नाही, हा आणखी त्रास.

त्यावरचा उपाय म्हणजे आभासी संगणक. आपला कॉम्प्युटर हा जुना वाडा समजा. मालक विंडोज. त्यानं एक खोली भाडेकरूला दिली, तिथं लिनक्सनं आपलं बिऱ्हाड थाटलं. भाडेकरूला वाटतं, हे आपलंच स्वतंत्र घर. आपल्याला मात्र ते एका साध्या खिडकीत दिसतं. मालकाच्या माजघरात त्याचा पाय पडत नाही, तेव्हा फोटोंना धक्का नाही. यासाठी 'व्हर्च्युअलबॉक्स' नावाचा प्रोग्रॅम आहे. तो २००७ साली एका जर्मन कंपनीनं काढला, पुढं २०१० पासून ओरॅकलकडे आला. मूळ प्रोग्रॅम फुकट आहे. त्याच्या जोडीला मिळणारा 'एक्स्टेन्शन पॅक' मात्र घरगुती वापरापुरताच फुकट, धंद्यासाठी परवाना लागतो. त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही.

वाड्यात नळ एकच असतो ना, तशी इथं मेमरी. आमच्याकडे १६ जीबी आहे. लिनक्सच्या उबंटूला त्यातले ४ जीबी आणि डिस्कवर २५ जीबी जागा दिली. तुमच्याकडे एकूण ८ जीबी असेल तर एका वेळी एकच भाडेकरू जागा ठेवा, नाहीतर मालकाच्याच नळाला पाणी येणार नाही! 'व्हर्च्युअलायझेशन' नावाची एक कळ कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी, बायॉसमध्ये असते. ती बंद असेल तर बिऱ्हाड हलत नाही. ती आमच्या ह्यांनी चालू करून दिली, तेवढं श्रेय त्यांना.

उबंटूत पान उघडलं आणि उलगडा झाला. मराठी अक्षरं पान स्वतः आणत नव्हतं, ज्या त्या घरची वापरत होतं. विंडोजवर 'निर्मला' नावाचा टाइप, लिनक्सवर 'लोहित' किंवा 'नोटो'. एकाचं अक्षर अंगानं सडपातळ, दुसऱ्याचं ऐसपैस. त्या गृहस्थांनी प्रत्येक चौकटीची उंची अगदी मापात कापलेली, घट्ट शिवलेल्या ब्लाउजसारखी. इथं "अर्धा किलो" हे शब्द दुसऱ्या ओळीवर गेले आणि चौकटीच्या खाली झाकले गेले. उरला नुसता भाव. आणि गुळाच्या अनारशांचा उकार कापला जाऊन ते "गळाचे अनारसे" झालेले! त्या चित्राची प्रत पाठवली तेव्हा कुठे गृहस्थ गप्प झाले. चौकटी सैल केल्या आणि अक्षराचा टाइपही पानासोबतच पाठवण्याची सोय केली. मंडळानं कॉलेजातल्या बाईंना उरलेला अर्धा किलो पोचवला, पैसे न घेता.

हे दुखणं जुनंच आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या वेळी एका विंडोजवर त्याच्या दोन आवृत्त्या सुखानं नांदत नसत, म्हणून पानं करणारी मंडळी अशीच बिऱ्हाडं ठेवत. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यासाठी ९० दिवसांनी मुदत संपणारे तयार आभासी संगणक देत असे. १५ जून २०२२ ला तो ब्राउझर निवृत्त झाला. आज क्रोम आणि एज यांचं यंत्र आतून एकच, फायरफॉक्सचं वेगळं आणि सफारीचं आणखी वेगळं.

माझं तिसरं बिऱ्हाड विंडोज १०चं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण अजून पुष्कळ घरांत तेच चालतं. त्यात मी पान पाहण्यापलीकडे काही करत नाही, बँकेचं तर मुळीच नाही. आणि हो, विंडोजच्या भाडेकरूलाही स्वतःचा परवाना लागतो. सफारी मात्र राहिली. ॲपलच्या अटींप्रमाणे मॅकची प्रणाली त्यांच्याच यंत्रावर चालवायची. त्यावर तोड म्हणून उबंटूतला 'ग्नोम वेब' वापरते. त्याचं यंत्र सफारीच्याच घराण्यातलं. सख्खी बहीण नव्हे, चुलत म्हणा, पण ढोबळ चूक दाखवते.

एक सवय जरूर लावून घ्या. बिऱ्हाड नीट लागलं की लगेच 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवायचा. नंतर काही बिघडलं तर एका कळीसरशी घर पुन्हा त्या दिवसासारखं होतं. माझ्या धाकट्यानं एकदा उबंटूत नको ती बटणं दाबून सगळा पसारा केला होता. ओरडावंही लागलं नाही.

आता उन्हाळ्याच्या वाळवणाची यादी चढवायची आहे. कुरडया, सांडगे, पापड. अध्यक्षबाईंनी निरोप धाडलाय की तिन्ही घरांत फिरून आल्याशिवाय भाव जाहीर करायचे नाहीत.