सहाचा ब्रेड, साडेआठची भाकर

आपल्या लग्नात नवरा-बायकोला एका ताटात जेवायला बसवतात. उखाणे होतात, एकमेकांना घास भरवला जातो आणि फोटो नीट आला नाही म्हणून फोटोग्राफर तोच घास पुन्हा भरवायला लावतो. आमच्या आई-बाबांच्या पिढीतल्या बहुतेक जोडप्यांचं यानंतरचं एकत्र जेवण थेट निवृत्तीनंतरचं. मधली तीसेक वर्षं तो जेवत होता आणि ती वाढत होती. नागपुरात वाढताना यात खटकण्यासारखं काही नव्हतं, धरमपेठेपासून महालापर्यंत सगळीकडे तेच होतं.

आता मी राहते ते जर्मनीतलं श्टुटगार्ट हे १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर. त्यामुळे इथल्या लोकांना मुंबई ऐकून ठाऊक असते. नागपूर सांगायचं तर संत्र्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं राहतं. ते संध्याकाळी सहाला जेवतात. जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे बाहेर लख्ख ऊन असताना यांचं रात्रीचं जेवण आटोपलेलं असतं. प्रत्येकापुढे एक लाकडी पाटी. मध्ये आंबूस काळा ब्रेड, लोणी, चीज, सॉसेजच्या चकत्या, मुळा, आंबवलेली काकडी. काहीही शिजत नाही. ज्याची सुरी त्याच्या हातात, ज्याचा ब्रेड त्यानेच लावायचा. गरम जेवायचं ते दुपारी. या रीतीचं एक कारण कारखान्यांत असल्याचं सांगतात: कामगारांना दुपारी कॅन्टीनमध्ये गरम जेवण मिळू लागलं, मग घरी संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक मांडायची गरज उरली नाही. आपल्याकडे डबा घरून निघाला आणि रिकामा होऊन घरीच परतला, त्यामुळे चूल दोन्ही वेळा पेटती राहिली.

नागपुरात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात चार. माझ्या ऑफिसातल्या कॉफीच्या वेळी आई-बाबांचं जेवण चालू असतं. "जेवून राहिलो ना आम्ही, थांब दोन मिनिटं," असं म्हणत बाबा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि मला अख्खं टेबल दिसतं. चून-भाकर, कांदा, मिरचीचा ठेचा. कधी कढी-खिचडी. सकाळच्या पोळ्या उरल्या असतील तर कुस्करा. थंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की पुडाच्या वड्या, पण त्या हल्ली चारच, कारण तळलेलं दोघांनाही चालत नाही. वडाभात आता फक्त आम्ही गेलो की होतो.

आईची खुर्चीही त्या चित्रात असते. आम्ही लहान असताना ती नव्हती. म्हणजे खुर्ची होती, आई स्वयंपाकघरात असायची.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. कूलर हॉलमध्ये. ओट्याशी पंखा लावला तर गॅसची आच हलते, म्हणून तोही बंद. अशा खोलीत उभं राहून एकेक फुलका फुगवायचा आणि फुगलेलाच बाहेरच्या ताटात पोहोचवायचा, हे आमच्याकडे मायेचं लक्षण मानलं जाई. ती माया खोटी होती असं मी म्हणणार नाही, तो फुलका मीही खाल्ला आहे. पण गरम पोळीचं कौतुक करणाऱ्यांनी तव्यापासून ताटापर्यंतच्या फेऱ्या कोण मारतं तेही एकदा बघावं. शेवटी त्या बाईच्या वाट्याला येते सगळ्यात पहिली पोळी, तवा नीट तापला नव्हता तेव्हाची.

मग गुडघे दुखू लागले. पाठोपाठ दोघांनाही शुगर निघाली. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि गोळी दोघांची, त्यामुळे वेळही दोघांची एकच. एक वाढतो, एक जेवतो हे वेळापत्रकात बसेना. आई सगळ्या पोळ्या आधीच करून डब्यात ठेवू लागली. बाबांनी पहिले काही दिवस डब्यातली पोळी वातड लागते अशी तक्रार केली, पण ती ऐकायला समोर आईच पोळी खात बसलेली होती. लक्ष्मीनगर, बजाजनगर, त्रिमूर्तीनगर इकडच्या कितीतरी घरांत आता अशी दोघंच उरली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर माझ्यासारखी आणखी लांब. कुणाकडे पोळ्यांच्या काकू येतात, कुणी दुपारचा डबा लावला आहे. आईला डबा मंजूर नाही. दुसऱ्याच्या हातचं वरण रोज खायचं म्हणजे दवाखान्यात राहिल्यासारखं वाटतं म्हणे.

वेळेचं भांडण मात्र मिटलेलं नाही. डॉक्टर म्हणतात सातला जेवा. इतवारीतल्या जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवतात, सेवाग्रामच्या आश्रमातही संध्याकाळचं जेवण उजेडातच व्हायचं, असे दाखले मी देऊन पाहिले. बाबा म्हणाले, "ते पहाटे चारला उठायचे. मी उठतो का?"

दोन वर्षांपूर्वी ते दोघं इथे आले तेव्हा खालच्या आजींनी दुपारी जेवायला बोलावलं. श्वाबियाचं, म्हणजे या भागाचं, घरोघरचं जेवण: शिजवलेली अख्खी मसुरासारखी डाळ आणि तिच्यात मऊ ताज्या शेवया. सॉसेज वेगळं ठेवलं होतं. आजोबांनी वरून चमचाभर व्हिनेगर घातलं. आईने एक घास घेतला आणि मला मराठीत म्हणाली, "अगं, या तर वरणफळं आहेत. चिंचेऐवजी ते टाकलं." या डाळीचं एक जुनं स्थानिक वाण नाहीसंच झालं होतं, २००६ साली ते रशियातल्या एका बियाणे-संग्रहात सापडलं आणि इथल्या शेतकऱ्यांनी पुन्हा लावलं, हे आजींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

घोटाळा पुढे झाला. भांडं मध्ये ठेवून सगळे आपापलं घेत होते. आईला ते बघवेना. तिने पळी उचलली आणि आजोबांच्या ताटलीत वाढली. ते 'पुरे' म्हणाले, तर आपल्या रीतीप्रमाणे आणखी वाढली. आजी हसून हसून लाल झाल्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणाल्या, पण संध्याकाळी जेवायला काय आहे असं यांनी मला एकदाही विचारलं नाही, फ्रीज कुठे आहे ते यांना माहीत आहे.

जिना चढताना आई म्हणाली, "बरं आहे बाई तिचं. पण नवरा पोटभर जेवला की नाही, हे हिला कळतं कसं?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे मुलांना शाळेत गरम जेवण मिळतं, आम्हा दोघांना ऑफिसात, म्हणून सोमवार ते शुक्रवार रात्री ब्रेडच असतो. त्याने माझी संध्याकाळ मोकळी होते आणि ती मी परत द्यायला तयार नाही. तरी कोण किती जेवलं याकडे आमच्या टेबलावर कुणाचं लक्ष नसतं, हेही खरं. फक्त आईचं हे लक्ष इतकी वर्षं एकाच बाजूने जात होतं. ती जेवली का, हे ओट्याशी जाऊन बघायला कुणी उठत नसे, त्यात मीही आले.

हल्ली भात बाबा वाढतात. कुकर उघडतात, आईच्या ताटात आधी मूद पाडतात, मग स्वतःच्या. पोळी लाटणं अजून जमलेलं नाही आणि जमेल असं वाटतही नाही. आईची तक्रार वेगळीच आहे: वरण नेहमी कमी वाढतात, आणि डॉक्टरांनी तूप बंद केलेलं असताना स्वतःच्या भातावर दोन चमचे ओतून घेतात. फोन तांब्याला टेकवलेला असतो, त्यामुळे ते मलाही दिसतं.