राहण्याजोगं घर

घर बांधून पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच 1931 साली जर्मनीतल्या ‘डी फॉर्म’ मासिकात युस्टुस बिअर या समीक्षकानं विचारलं, की या घरात माणसाला राहता येतं का? घर चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात, टेकडीच्या उतारावर. फ्रिट्झ आणि ग्रेटा टूगेंडहाट या ज्यू दांपत्याचं. जमीन ग्रेटाच्या वडिलांनी लेकीला दिलेली, आराखडा वास्तुकार मीस व्हान डेर रोहचा. बिअरसाहेबांचं म्हणणं असं, की इथं राहणं म्हणजे प्रदर्शनातच बिऱ्हाड करणं. ग्रेटाबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी त्याच मासिकात उत्तर दिलं : आम्ही राहतो, आणि मोकळे राहतो.

रस्त्यावरून बघणाऱ्याला हे घर बुटकं, जरा घुमंच वाटतं. जिना उतरून खाली गेलं की दिवाणखाना. क्रोमनं मढवलेले पोलादी खांब छत तोलतात, त्यामुळे भिंतींवर कसलाच भार नाही. मध्ये उभी आहे ती ऑनिक्सची भिंत, मोरोक्कोतल्या ॲटलस पर्वतातून आणलेली, मधाच्या रंगाची. हिवाळ्यातला उतरता सूर्य तिच्यावर आला की दगड आतून पेटल्यासारखा लालसर होतो. पलीकडे गोल जेवणाच्या टेबलाला कवेत घेणारी मकासार एबनीची अर्धवर्तुळ भिंत. बागेकडची बाजू सगळी काचेची. बटण दाबलं की त्यातल्या दोन अख्ख्या खिडक्या सरसर तळघरात उतरतात आणि दिवाणखान्याची पडवी होते. फरच्या कोटांना कसर लागू नये म्हणून घरात एक स्वतंत्र खोलीसुद्धा आहे. श्रीमंतीचे चोचले, म्हणा हवं तर.

एवढं सगळं करून कुटुंब राहिलं किती? आठ वर्षंही नाही. 1938 मध्ये, हिटलरची सावली सीमेवर आली तेव्हा, त्यांनी घर सोडलं. आधी स्वित्झर्लंड, मग व्हेनेझुएला. मागोमाग गेस्टापोनं घर बळकावलं. 1945 मध्ये लाल सेनेचे घोडेस्वार आले, घोड्यांसकट. पुढे तिथं नृत्यशाळा भरली.

आणि मग मुलं आली. पाठीच्या कण्यात दोष असलेली. पन्नाशीच्या दशकापासून सत्तरीच्या दशकाच्या अखेरपर्यंत हा दिवाणखाना त्यांची व्यायामशाळा होता. ऑनिक्सच्या भिंतीपुढे पोरं हात वर करून, कंबर वाकवून कवायत करत होती. मालकांपेक्षा कितीतरी जास्त काळ हे घर त्यांनी वापरलं. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो असं आपण मानतो. ब्रनोतल्या वास्तुपुरुषानं कुणाकुणाच्या बोलण्याला मान डोलावली असेल कोण जाणे, पण त्या पोरांच्या बाबतीत त्यानं कंटाळा केला नसावा. 1967 साली ग्रेटाबाई घर बघायला आल्या, तेव्हा तिथं कारभार या मुलांचाच होता.

1992 च्या ऑगस्टमध्ये चेक पंतप्रधान वात्स्लाव क्लाउस आणि स्लोव्हाक पंतप्रधान व्लादिमीर मेचियार इथंच वाटाघाटींना बसले आणि देशाच्या वाटण्या ठरल्या. घरोघरी होतात तशाच, बागेतल्या झाडाखाली बोलून.

1994 मध्ये घर लोकांसाठी खुलं झालं, 2001 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि 2010 ते 2012 या काळात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. एबनीची भिंत युद्धात गायब झाली होती. 2011 मध्ये तिच्या फळ्या सापडल्या त्या ब्रनोतल्याच विद्यापीठाच्या विधी शाखेच्या इमारतीत. ही इमारत युद्धकाळात गेस्टापोचं मुख्यालय होती. हिरव्या कातड्याच्या खुर्च्या, माणकासारखी लाल मखमली आरामखुर्ची, सगळं पुन्हा घडवून जागच्या जागी मांडलं. आता तिथं मैफली होतात, व्याख्यानं होतात, आणि घर नुसतं बघायचं तरी तिकीट काही महिने आधी काढावं लागतं. बिअरसाहेबांचं प्रदर्शन अखेर भरलं म्हणायचं.

जीर्णोद्धार करणाऱ्यांनी घड्याळ 1930 वर नेऊन ठेवलं. त्याशिवाय इलाजही नव्हता. मीसचं घर बघायला येणाऱ्याला मीसच दाखवायला हवा. तरी मला राहून राहून वाटतं, मैफलींना जशा संध्याकाळी देतात तशी वर्षातली एक सकाळ शाळकरी मुलांना द्यावी. खुर्च्या बाजूला सारून चटया अंथराव्यात, खिडक्या तळघरात उतरवाव्यात आणि पोरांना यथेच्छ कवायत करू द्यावी. काचांवर हात उमटतील, पण काचा पुसायला माणसं आहेतच.