नकाशा दिसत नसेल तर...

वीकएंडला दुसऱ्यांचा कोड वाचायची मला खोड आहे. सध्या 'फिक्समायस्ट्रीट' वाचतोय. ब्रिटनच्या 'मायसोसायटी' संस्थेनं ते २००७ साली सुरू केलं. पोस्टकोड टाका, नकाशावर खड्डा दाखवा, तक्रार थेट त्या भागाच्या कौन्सिलकडे! कोडही सगळ्यांना खुला.

पण मला सगळ्यात आवडली ती नकाशासोबतची साधी सूचना: नकाशा दिसत नसेल तर ही पायरी वगळा. म्हणजे स्क्रीन रीडरवर ऐकून काम करणारा अंध माणूसही तक्रार पूर्ण करू शकतो. खड्ड्यात पाय त्याचाही जातोच ना!

आपण 'ओपन सोर्स' म्हणून मिरवतो. पण माऊसशिवाय बटणच दाबता येत नसेल, तर ते ओपन कुणासाठी? लोकांसाठी काही बनवताय? मग माऊस बाजूला ठेवा, फुकटातला एनव्हीडीए लावा, डोळे मिटा आणि एक तक्रार नोंदवून बघा. जमली, तरच खुलं म्हणा.