इंची पाने, एमएम पाने

ऐंशी-नव्वदच्या दशकात नाशिकला वाढलेल्या आम्हा पोरांची पान्यांशी ओळख पाढ्यांच्या आगेमागेच झाली. गावच तसं होतं. गल्लीत कोणी सातपूरला महिंद्रात, कोणी मायकोत, कोणी ओझरला एचएएलमध्ये. १९६४ साली मिग विमानांसाठी ओझरचा कारखाना निघाला. तिथून संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी परतणारे फिटर, टर्नर काका रविवारी मात्र कुणाच्या तरी जीपखाली आडवे पडलेले असायचे.

जीप बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातची. उंच बॉनेटची पेट्रोलवाली सीजे थ्री बी, नाहीतर प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची एमएम ५४०. गॅरेजला टाकायची ती फक्त वेल्डिंगला किंवा इंजिन उतरवायला. बाकी सगळं अंगणात, जॅकखाली लाकडी ठोकळे सरकवून.

आम्हा पोरांचं खातं पान्यांचं. घराणं विलीजचं, म्हणून जुने बोल्ट इंची आणि मोजायचे सुतात; प्यूजोच्या इंजिनाला हात लावला की सगळं एमएम. दोन डबे, आणि दोन्हींतले पाने नेहमी एकमेकांत मिसळलेले. अर्ध्या इंचाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की नट गोल, आणि मग छिन्नी-हातोडी. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना तर उलटे आटे. हे ठाऊक नसलेला एखादा पाहुणा मदतीच्या उत्साहात पान्यावर उभा राहायचा आणि स्टड तोडून बसायचा. त्याला चहा मिळायचा, पण पाना पुन्हा नाही.

खरी नोकरी ब्रेकची हवा काढायची. स्टिअरिंगला लोंबकळल्याशिवाय पाय पेडलपर्यंत पोहोचत नसे. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. खालून बाबांचा आवाज, ‘मार... मार... मार... धर!’ की पाय दाबून ठेवायचा. निपल ढिलं झालं की पेडल पायाखालून खाली जायचं. तिकडे बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेल्या नळीतून बुडबुडे. निपल कसल्यावरच ‘सोड’. ‘सोड’च्या आधी पाय उचलला तर हवा परत आत आणि सगळं पहिल्यापासून. शाळेतल्या कुठल्याही मास्तरांपेक्षा जास्त शिस्त त्या पेडलने लावली, असं आमच्यातले बरेच जण अजून म्हणतात.

आईची तक्रार रॉकेलची. बेअरिंग धुवायला रेशनचं रॉकेल लागायचं, तेही तिच्या जुन्या परातीत. ‘महिनाभर स्टोव्ह तुमच्या जीपवर पेटवू का?’ हा प्रश्न त्या काळी बऱ्याच घरांत विचारला गेला असणार. पण चाक बसवण्याआधी बेअरिंगला ग्रीस तळहातावर घेऊन नीट दाबून भरायचं काम पुष्कळदा तिच्याकडेच यायचं. कणकेचा हात होता. एकही रोलर कोरडा राहायचा नाही.

पेट्रोल परवडेना तेव्हा कितीतरी जणांनी जुनं इंजिन उतरवून डिझेल बसवलं आणि पेठ रोडला आरटीओत जाऊन बुकात नोंद करून घेतली. डिझेल आलं आणि मायकोवाल्या काकांचा भाव वधारला. नोझल सातपूरला त्यांच्याच कारखान्यात बनायचे, त्यामुळे काळ्या धुरावर शेवटचा शब्द त्यांचा. एचएएलवाले काका धुरात पडत नसत. प्रत्येक स्प्लिट पिन नवीच हवी, जुनी सरळ करून घालायची नाही, एवढ्यावरच ते भांडायचे. बरोबरच होतं त्यांचं.

आणि फोर बाय फोर? गावात त्या दांड्याला हात लावलेला बाबांना खपत नसे. या जीपला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, पक्क्या डांबरावर त्यांना घसरायला जागा मिळत नाही, टायर घासतात आणि मग तो दांडा निघता निघत नाही. त्याची वेळ यायची निफाड-दिंडोरीकडे, द्राक्षं तयार असताना अवकाळी कोसळला की. काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतायचा. कोणीतरी उतरून पुढचे हब हाताने फिरवायचं, लो गिअर पडायचा आणि द्राक्षाचे क्रेट भरलेली जीप तोंडातल्या तोंडात पुटपुटत बांधावर यायची. वर्षभर अंगण अडवल्याबद्दलची बोलणी त्या दिवशी बंद असत.

आता थार नाशिकलाच बनते आणि तिचा बिघाड स्कॅनर लावून कळतो. जुन्या जीप मात्र काही अंगणांत अजून उभ्या आहेत. आमच्या पिढीच्या गुडघ्यांना आणि खांद्यांना मानवेल असं एकेक काम त्यांच्यावर चालू असतं. बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरचा बॉक्स. खुर्ची टाकून बसलेले म्हातारे बाबा यातलं जवळजवळ सगळं मंजूर करतात. डिस्क ब्रेकला तर त्यांनी ‘हे आधीच करायला हवं होतं’ म्हटलं. एसीचा विषय निघाला की मात्र ते कापडी हुडाकडे बोट दाखवतात आणि विचारतात, ‘गार कोणाला करणार, गल्लीला?’