डक्सफर्डचे विमान आणि ओतूरची बैलगाडी

विलायतेहून परत आलेल्या माणसाला चार प्रश्न ठरलेले असतात. लंडनचा पूल पाहिलात का, राजवाडा पाहिलात का, थंडी सोसली का आणि चहा मनासारखा मिळाला का. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतही हे प्रश्न मला रीतसर विचारले गेले. मी म्हणालो, "पूल पाहिला, राजवाडा बाहेरून पाहिला, पण खरे सांगायचे तर मी एका विमानाचे शेपूट पाहायला गेलो होतो." त्यावर शेजारच्या गृहस्थांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, ती नजर लक्षात घेऊनच हा खुलासा लिहायला बसलो आहे.

माझी मुलगी केंब्रिजला असते. सौ. गेल्यानंतर तिने फारच आग्रह धरला, म्हणून दोन महिन्यांसाठी गेलो. विमानतळावरून घरी जातानाच तिने मला बजावले, "बाबा, अनय हल्ली फारसा बोलत नाही. वाईट वाटून घेऊ नका." अनय म्हणजे माझा एकुलता एक नातू, वय वर्षे चौदा. मी मनात म्हटले, आजोबांशी न बोलून सांगतो कोणाला! मग मी कंबर कसली. शाळा कशी आहे, मित्र किती आहेत, गणित आवडते का, जेवणात काय आवडते, एकामागून एक प्रश्न. मी जितका जोर लावी, तितके उत्तर तोकडे होई. आठव्या दिवशी उत्तर नुसत्या मानेवर आले.

संध्याकाळी तो आपल्या खोलीत संगणकासमोर बसे. पडद्यावर विमाने घोंघावत असत. एके दिवशी मी प्रश्न न विचारता नुसताच मागे खुर्ची घेऊन बसलो. अर्ध्या तासाने, मागे न पाहता, तो म्हणाला, "चालवून बघायचं का?"

खेळाचे नाव 'क्लिफ्स ऑफ डोव्हर'. २०११ साली निघालेला. त्यात १९४० सालचे इंग्लंडवरचे हवाई युद्ध आहे, आणि स्पिटफायर हे प्रसिद्ध इंग्रजी लढाऊ विमान आपल्याला चालवता येते. मेजावर एक दांडा बसवलेला असतो, तो ओढला की नाक वर, लोटला की खाली. मी यंत्राला पूर्ण जोर दिला मात्र, विमान धावपट्टी सोडून डावीकडच्या गवतात शिरले. माझ्या हातून चूक झाली असे मला वाटले. पण ती त्या विमानाची खोडच होती. स्पिटफायरच्या मर्लिन एंजिनाचा पंखा बसल्या जागेवरून पाहिले तर उजवीकडे फिरतो आणि विमान डावीकडे झुकू पाहते. म्हणून उडण्यापूर्वी सुकाणूचे ट्रिम पार उजवीकडे फिरवून ठेवायचे असते.

ट्रिम हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. चौथ्या प्रयत्नात हवेत गेलो, वेग वाढला आणि नाक आपोआप वर येऊ लागले. मी दांडा पुढे दाबून धरला. पाच मिनिटे धरला, दहा मिनिटे धरला. मनगट भरून आले, बोटे पांढरी पडली. अनय म्हणाला, "ट्रिम करा ना, आजोबा." मी त्याने दाखवलेली कळ दहा वेळा दाबली. नाक खाली गेले. घाबरून उलटी कळ पंधरा वेळा दाबली. नाक आभाळाकडे. असे झोपाळ्यासारखे झोके घेत आम्ही डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपलीकडे समुद्रार्पण झालो. नातू हसला. विलायतेत आल्यापासून प्रथमच.

त्या रविवारी त्यानेच आईकडे डक्सफर्डचा विषय काढला. केंब्रिजच्या दक्षिणेला मोटारीने अर्ध्या तासाच्या आत हे गाव येते. गाव साधेच; पण त्याचा विमानतळ इतिहासात गेलेला. ऑगस्ट १९३८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाला पहिली स्पिटफायर विमाने मिळाली ती इथल्या एकोणीस नंबरच्या स्क्वाड्रनला. आज इथे इंपीरियल वॉर म्युझियमची शाखा आहे. प्रचंड हँगर, त्यांत दाटीने उभी केलेली विमाने, बाहेर हिरवेगार गवत, आणि पलीकडे एम-अकरा या हमरस्त्यावरून धावणाऱ्या मोटारी. तो रस्ता बांधताना धावपट्टीचा एक तुकडा गेला, असे कळले. विमानतळ मात्र अजून जिवंत आहे. आम्ही होतो तेवढ्यात दोन बैठकींची एक स्पिटफायर एका हौशी प्रवाशाला घेऊन उडाली. त्या एंजिनाचा आवाज कानांना नव्हे, छातीला ऐकू येतो. तिकिटाचा आकडा ऐकल्यावर मात्र मी जमिनीवरच समाधान मानले.

हँगरात एका स्पिटफायरपाशी एक वृद्ध स्वयंसेवक उभे होते. अनयने माझी सारी कर्मकहाणी त्यांना सांगितली. ते गंभीरपणे ऐकून घेऊन मला शेपटाकडे घेऊन गेले. शेपटाच्या आडव्या पात्याचा मागचा भाग वरखाली हलतो. त्याने नाक उतरते-चढते. त्या हलत्या भागाच्याही अगदी मागच्या काठाला एक चिमुकली पट्टी होती. सुकाणूलाही तशीच एक. "हेच तुमचे ट्रिम," ते म्हणाले.

कल्पना मोठी गमतीची आहे. वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक चाक असते. ते फिरवले की ही पट्टी किंचित वळते. पट्टी वर वळली की वारा तिला खाली दाबतो, आणि ती आपल्याबरोबर मोठ्या पात्यालाही खाली नेते. पाते खाली गेले की शेपूट उचलले जाते आणि नाक उतरते. म्हणजे जो वारा हाताशी झगडत होता, त्यालाच ही पट्टी कामाला लावते. एवढीशी पट्टी, पण बिजागरीपासून लांब असल्याने तिचा जोर मोठा.

"पण एक लक्षात ठेवा," वृद्ध गृहस्थ म्हणाले, "ट्रिमने विमान हाकायचे नसते. आधी दांड्याने नाक हवे तिथे आणायचे, वेग स्थिर होऊ द्यायचा, आणि मग हाताला जाणवणारे ओझे चाकाने उतरवायचे. एंजिनाचा जोर बदलला, वेग बदलला, की पुन्हा तेच."

मी एकदम म्हणालो, "म्हणजे उलाळ गाडी!"

मुलगी हसली, अनयला अर्थ कळेना. मग हँगरातल्या बाकावर बसून मी त्याला माझ्या काकांची बैलगाडी सांगितली. जुन्नरकडच्या आमच्या गावाहून काका कांद्याची पोती घेऊन ओतूरच्या बाजाराला जात. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते. जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाली की सारा भार मानेवर. काका चालत्या गाडीत मागे सरकून एकच पोते हातभर हलवीत, आणि बैलांची चाल बदले. मग कासरा सैल सोडून ते खुशाल चंची उघडून पान जमवीत. अनय कान देऊन ऐकत होता. चिरंजीवांनी मला उलट प्रश्न विचारले: बैलांची नावे काय होती? तुम्ही गाडी हाकली आहे का? त्या बाकावर आम्ही तासभर बसलो. बाकीचे संग्रहालय पाहायचे राहून गेले.

घरी आल्यावर शिकवणी नव्याने सुरू झाली. खऱ्या विमानात ट्रिम केले की दांडा जिथे आहे तिथेच राहतो, फक्त त्याचा जोर नाहीसा होतो. मेजावरच्या दांड्यात स्प्रिंग असते, ती त्याला सारखी मध्यावर ओढते. म्हणून इथे कळ एकेकदा दाबायची, आणि तितक्याच बेताने हात मध्याकडे परत येऊ द्यायचा. माझी चूक ही की मी कळही दाबी आणि मूठही सोडत नसे.

लढाईत याचे महत्त्व काय, हेही त्याने सांगितले. मशीनगन पंखांत पक्क्या बसवलेल्या. नेम धरायचा तो अख्ख्या विमानाने. विमान जरा कडेला घसरत असले तरी गोळ्या बाजूने जातात. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ ला बैठकीशेजारच्या चाकाने अख्खे आडवे शेपूट कलते करता येई. पण सुकाणूचे ट्रिम उडताना बदलण्याची सोय नव्हती, म्हणून चढताना वैमानिकाला पायाने सुकाणू दाबून धरावे लागे. आणि सूर मारलेले विमान ट्रिमच्या जोरावर वर ओढू नये. ओढ एकदम वाढते आणि पंखांवर बेतते. "पण खरं कारण वेगळं," अनय म्हणाला. "ज्याचा हात मोकळा, त्याला मान वळवून मागे बघता येतं. जो नुसता दांडा धरून बसतो, त्याला मागून येणारा दिसतच नाही."

निघण्याच्या आदल्या रात्री मी खाडीवरून उडत होतो. स्वारी मागच्या खुर्चीवर होती. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. बॅगा भरून झाल्या होत्या आणि घरात कोणी त्याविषयी बोलत नव्हते. माझे लक्ष कुठे होते कोण जाणे, नाक हळूहळू वर चढू लागले.

मागून आवाज आला, "आजोबा, उलाळ झालंय."

मी दांडा पुढे लोटला, थांबलो, आणि एक, दोन, तीन अशी कळ दाबत मूठ सैल केली. मग हात मांडीवर ठेवला. विमान सरळ चालले होते. मी वळून मागे पाहिले.